फ्रीझरमधलं सोवळं

आमच्या घरात उबदार अशी एकच जागा आहे आणि ती माझ्या सासऱ्यांनी बळकावली, तिथून हे सगळं सुरू झालं. माउंट रॉस्किलमधलं आमचं भाड्याचं घर लाकडी आहे, जुनं आहे, आणि हिवाळ्यात बाहेर जेवढी थंडी असते त्याहून आत थोडी जास्तच असते. इथे दक्षिण गोलार्धात हिवाळा जूनमध्ये; जून लागला की खिडक्यांच्या काचांना आतून पाणी सुटतं. कपडे दोरीवर घातले की पाऊस येतो, आत घेतले की थांबतो. अशा घरांत गरम पाण्याच्या टाकीसाठी एक कपाट केलेलं असतं, त्याला इथे हॉट वॉटर कपबर्ड म्हणतात. खाली टाकी, वर लाकडी फळ्या, आणि दार लावलं की आत अंधार आणि ऊब. ओले मोजे संध्याकाळी ठेवले की सकाळी वाळलेले मिळतात. पुण्याहून इथे आल्यावर या देशाने मला दिलेली ही पहिली चांगली गोष्ट, आणि ती कुणाबरोबर वाटून घ्यायची माझी अजिबात तयारी नव्हती.

मग सासूबाई गेल्या, आणि काही महिन्यांनी बाबा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले. आयुष्यभर सरकारी खात्यात इंजिनिअर होते. शिस्तीचा माणूस, बोलणं मोजकं, आणि आपलं काही चुकलं असं त्यांना कधी वाटलेलं नाही. माझंही तसंच असल्यामुळे आमचं एक तर छान जमतं किंवा अजिबात जमत नाही. अधलंमधलं काही नसतं.

येताना त्यांनी सासूबाईंच्या साड्या वाटून टाकल्या, भांडी देऊन टाकली, कपाटं विकली. एक मुकटा तेवढा वेगळ्या कापडी पिशवीत घालून हातात धरून विमानातून आणला. मुकटा म्हणजे पूजेला नेसायचं रेशमी सोवळं. माझ्या ऑफिसातल्या मराठी मुलांनाही हे समजावून सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. आंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. नेसणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणी तर मुळीच लावायचा नाही. वाळत घालायचं ते काठीने उचलून उंच दांडीवर. आणि रेशीम वाऱ्यानेच शुद्ध होतं म्हणून ते सारखं धुवायचंही नाही. बाबांचा हा मुकटा डाळिंबी रंगाचा. त्यांच्या साठीशांतीला सासूबाईंनी येवल्याला जाऊन स्वतः निवडून आणलेला. पुण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सासूबाई रोज तो काठीने दांडीवर टाकत, तेव्हा खालून जाणारे लोक वर बघत. आता सासूबाईंचं म्हणावं असं बाबांकडे तेवढंच उरलं होतं. हे मला ठाऊक होतं, तरी पुढची भांडणं मी केलीच.

पहिलं भांडण विमानतळावर झालं, ते मात्र माझ्याशी नाही. पिशवीत मुकट्याबरोबर वेखंडाची पुरचुंडी होती. कपड्यांत किडे होऊ नयेत म्हणून सासूबाई ठेवायच्या तशीच. बाबांनी फॉर्मवर इमानदारीने लिहिलं होतं, त्यामुळे तपासणाऱ्या बाई फार गोड बोलल्या, पण झाडाचं मूळ या देशात येणार नाही म्हणाल्या. मग त्यांनी मुकटा उचलायला हात पुढे केला आणि बाबा मराठीतून म्हणाले, “हात लावू नका.” मागे रांग खोळंबली. त्या बाईंनी रबरी हातमोजे चढवले. रबराला विटाळ नसतो असा निर्णय बाबांनी उभ्या उभ्या दिला आणि रांग पुढे सरकली. वेखंड मात्र गेलं ते गेलंच.

घरी आल्यावर बाबांनी उंच दांडी शोधली. ती नव्हती. सगळ्या खोल्या पाहून झाल्यावर त्यांनी ते कपाट उघडलं, आत हात घालून ऊब बघितली, वरच्या फळीकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे सोवळ्याचं.” दुसऱ्या दिवशी माझे मोजे, मुलीचे पोहायचे टॉग्ज आणि नवऱ्याचे टॉवेल बाहेर पॅसेजमध्ये एका टोपलीत सापडले.

“बाबा, एका मुकट्याला सगळं कपाट कशाला?” मी विचारलं.

“मोज्यांशेजारी सोवळं राहील का?”

“मग माझे कपडे वाळवू कुठे?”

“आपल्याकडे बाल्कनी होती,” बाबा म्हणाले, जणू ती मी हरवली होती. नवऱ्याकडे बघितलं तर त्याची नेमकी मीटिंग होती. त्याच्या सगळ्या मीटिंग अशाच वेळी असतात.

त्याच सुमारास मुलीच्या शाळेत प्रोजेक्ट आलं: एखाद्या कीटकाचं जीवनचक्र. इथली सगळी मुलं अशा वेळी स्वान प्लँटच्या झाडावर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या पाळतात. आमच्याही होत्या, पण त्यांनी झाड बुंध्यापर्यंत खाल्लं आणि उपाशी मेल्या. मुलगी नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. ती रडत बसली असताना बाबांनी कार्पेटवर तुरुतुरु चाललेला एक किडा दाखवला. गव्हाच्या दाण्याएवढा, फिकट सोनेरी पतंग.

“हा घे. याला झाडबीड काही लागत नाही.”

ही ती कपड्यांना लागणारी कसर. म्हणजे अळीला आपण कसर म्हणतो, आणि मोठी झाल्यावर तिचा हा पतंग होतो. आजोबा आणि नात टॅबलेट घेऊन बसले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हा किडा मूळचा युरोपातला आणि गोऱ्या लोकांच्या लोकरी कपड्यांतून जहाजाने इथे आला, असं मुलीने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “आपल्यासारखाच. सामानाबरोबर.” मग या पतंगाला म्हणे खाता येत नाही, त्याचं तोंड निकामी असतं. जे काही खायचं ते अळी असतानाच खाऊन घ्यायचं.

“आजोबा, दे नेव्हर ईट. लाइक, एव्हर.”

“म्हणजे मोठेपणी संन्यास. चांगलं आहे.”

बाबांना सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते या गोष्टीचं की हा पतंग दिव्याकडे झेपावत नाही, उलट उजेड दिसला की पळतो. माद्या तर उडायचाही फारसा त्रास घेत नाहीत, चालत जातात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात, कुणाचा हात लागणार नाही अशा जागी अंडी चिकटवून ठेवतात. बाबांनी खात्री करायला निरांजन पुढे धरून पाहिलं. पतंग सोफ्याखाली गेला. “समजूतदार प्राणी आहे,” बाबा म्हणाले. माझ्याबद्दल हा शब्द त्यांनी कधी वापरलेला नाही.

तुपाची रिकामी बाटली आली. तिच्यात कार्पेटखाली सापडलेले पतंग सोडले आणि खायला म्हणून माझा एक मेरिनो लोकरीचा मोजा कापून घातला. जोडीतला चांगला होता तो. अंड्यांना ऊब हवी, म्हणून बाटली कुठे ठेवली असेल ते सांगायला नकोच. माझ्या मोज्यांना ज्या कपाटात प्रवेश नव्हता तिथे माझ्याच मोज्यावर बसून हे किडे राहू लागले. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, “ते खालच्या फळीवर आहेत.”

काही आठवड्यांनी अळ्या दिसू लागल्या. पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या, पाहायला डोळे ताणावे लागतील एवढ्या. त्या आपल्याभोवती रेशमाची नळी विणतात आणि तिच्यात बसून खातात. लोकर, पिसं, केस, रेशीम, जे मिळेल ते, आणि त्याला घाम किंवा तुपाचा डाग असेल तर फारच आवडीने. हे मुलीने मोठ्याने वाचलं होतं. बाबांनी ते ऐकलं होतं, मान डोलावली होती, आणि प्रोजेक्टच्या तक्त्यावर “आहार” या मथळ्याखाली स्वतःच्या सुबक अक्षरात मराठीत लिहूनही दिलं होतं. प्रोजेक्ट शाळेत गाजलं. बाईंनी आजोबांना इथला नमस्कार, “किया ओरा”, म्हणून हात जोडले.

आता कुणीही विचारील की रेशीम खाणारी अळी रेशमी मुकट्याच्या खालच्या फळीवर ठेवताना या माणसाच्या डोक्यात काहीच आलं नाही का. मीही विचारलं, पण नंतर. खरं उत्तर असं की मुकटा हे कापड आहे, ही गोष्टच बाबांच्या लक्षात नव्हती. कापडाला कसर लागते. सोवळ्याला कशी लागेल?

जूनमध्ये बाबांच्या छातीत कफ भरला. डॉक्टरांनी औषधं दिली आणि घरातून हलू नका, अंग गरम ठेवा असं सांगितलं. पूजा नवऱ्याकडे आली. तो ती टी-शर्टात करायचा, लॅपटॉप उघडण्याआधी. बाबा अंथरुणातून आवाजावरून चुका काढायचे. या सगळ्यात मुकटा कपाटात घडी करून तसाच पडून राहिला. वर तूप, पंचामृत आणि भरपूर घाम. अंधार, ऊब, आणि कुणी हात लावायचा नाही असा कडक नियम. तक्त्यावर “अधिवास” या मथळ्याखाली बाबांनी जे लिहिलं होतं, ते सगळं तिथे होतं. बाटलीच्या तोंडाला त्या दोघांनी झाकण म्हणून माझ्या जुन्या मफलरचा तुकडा बांधला होता, तोही लोकरीचाच. म्हणजे तुरुंगाचं दारच खाण्याजोगं होतं.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध श्रावणात यायचं होतं. त्याला अजून अवकाश होता तेव्हाच एका सकाळी बाबा उठले, आंघोळ केली, काठी घेतली आणि कपाट उघडलं. मी भांडी लावत होते. मग बाबा टॉवेलवर पॅसेजमध्ये उभे दिसले, काठीच्या टोकावर घडी केलेला मुकटा. काठाजवळ रुपयाएवढं भोक होतं आणि घडीच्या कडेला पांढरी जाळी. जाळीत काही तरी हललं.

“वेखंड असतं तर हे झालं नसतं,” बाबा म्हणाले.

“तुमची बाटली नसती तरी झालं नसतं.”

मुलगी मध्ये आली. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि विष्ठेचे बारीक दाणे दाखवले. अळी जे खाते त्याचाच रंग तिच्या विष्ठेला येतो, हे प्रोजेक्टमध्ये होतं आणि बाईंना खोटं वाटलं होतं. दाणे डाळिंबी होते. “सी?” ती म्हणाली. “अँड आजोबा, सिल्क इज ऑल्सो मेड बाय अ मॉथ.” हे तिने सांत्वन म्हणून सांगितलं असावं. एका अळीने विणलेलं दुसऱ्या अळीने खाल्लं, यात कुणाला काय बोलणार? बाबांनी घडी उलगडली नाही. जपून कपाटात परत ठेवली, जणू न पाहिल्याने आतलं वाचणार होतं.

आता सोवळ्याला पर्याय शास्त्रात आहे, आणि तो म्हणजे ओलेतं. सुती पंचा पाण्यात बुडवायचा, पिळायचा आणि ओलाच नेसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा देवापुढे ओल्या पंच्यात बसले. घरात तोंडातून वाफ निघत होती. मंत्र दातांच्या तालावर चालले होते. मी गरम हवा सोडणारा हीट पंप लावला तर वाऱ्याने निरांजन विझलं. मी निरांजन लावून पंप बंद केला तर बाबांना खोकल्याची उबळ आली.

“बाबा, तुम्ही आत्ता कुठे बरे होताय. कोरडा नेसा ना.”

“कोरडा सुती पंचा म्हणजे ओवळा.”

मी पलीकडच्या मनुरेवा भागातल्या गुरुजींना फोन लावून दिला. श्राद्धाला तेच येणार होते. गुरुजी मोठ्या मनाचे. म्हणाले, “काका, धुतलेला पंचा चालतो. अहो, इथे सगळं चालतं.” हे ऐकून बाबा इतके संतापले की फोन ठेवल्यावर बराच वेळ थरथरत होते, अर्थात त्यात काही वाटा पंच्याचाही होता. “सगळं चालतं म्हणे. मग करायचंच कशाला?”

शनिवारी आम्ही पापाटोएटोच्या भारतीय दुकानांत गेलो, नवीन सोवळं बघायला. कापूर मिळाला, फुलवाती मिळाल्या. सोवळं मागितल्यावर दुकानदाराने चकचकीत पॉलिएस्टरचं धोतर काढलं. शिवलेलं, कमरेला वेल्क्रो लावलेलं. बाबांनी वेल्क्रो एकदा उघडलं, चर्र असा आवाज झाला. मिटवलं. पुन्हा उघडलं. मग घडी करून परत दिलं आणि गाडीत जाऊन बसले.

उपाय मिळाला तो शेजारच्या आजींकडून. कुंपणापलीकडे राहणाऱ्या या आजी सतत काही ना काही विणत असतात, त्यामुळे कसर त्यांच्या रोजच्या ओळखीची. मागच्या लाकडी ओट्यावर, म्हणजे डेकवर, बाबा पंचा पिळताना दिसले तेव्हा त्या काळजीने येऊन विचारून गेल्या की म्हाताऱ्यांना अंगावर घालायला काही नाही का. मी सगळी हकीकत सांगितली. “पॉप इट इन द फ्रीझर, डार्लिंग,” त्या म्हणाल्या. “कपल ऑफ वीक्स. स्वीट अ‍ॅज.” म्हणजे दोनेक आठवडे फ्रीझरमध्ये टाक, की झालं काम; थंडीने अळ्या आणि अंडी मरतात. जाताना त्यांनी एक जुनी घोंगडीवजा रजई दिली, याच देशात विणलेली, अस्सल लोकर, हिरव्या चौकड्यांची.

रजई पाहून बाबा विचारात पडले. मग म्हणाले की लोकरीला विटाळ नाही. त्यांच्या स्वतःच्या आजीच्या काळी बायका सोवळ्यात लोकरीची धाबळी नेसत. प्रश्न फक्त कडेला शिवलेल्या फितीचा होता, कारण शिवलेलं चालत नाही. ती फीत मी उसवली. दुसऱ्या दिवसापासून बाबा देवापुढे हिरव्या चौकडीच्या रजईत बसू लागले. खोकला थांबला. मला वाटलं प्रश्न मिटला.

पण फ्रीझरचं राहिलंच होतं. आमच्या फ्रीझरमध्ये कोळंबी होती, खिमा होता, सॉसेजेस होते, आणि नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणी तरी हौसेने पकडून दिलेला एक अख्खा स्नॅपर मासा होता.

“कोळंबीशेजारी?” बाबांनी विचारलं. एवढंच विचारलं.

“पिशवीत बांधून ठेवू ना.”

“पिशवीला काय कळतं?”

शेजारच्या आजींचा फ्रीझर होता, पण त्यात बेकन. गुजराती मैत्रिणीचा शुद्ध शाकाहारी होता, पण तिथे मुकट्याला सतत कुणाचा तरी हात लागणार. शेवटी ठरलं की आपलाच फ्रीझर रिकामा करायचा, म्हणजे त्यातलं सगळं खाऊन संपवायचं. नवऱ्याने इतक्या मनापासून धर्मकार्यात भाग घेतलेला मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्या आठवड्यात त्याला एकही मीटिंग नव्हती. कोळंबीचं कालवण, खिमा-पाव, सॉसेजेस, आणि शेवटी तो स्नॅपर, जो माझ्या सगळ्यात मोठ्या भांड्यातही मावेना. बाबा आपल्या खोलीचं दार लावून वरणभात खात. मुलगी दोन्हीकडे जेवायची.

मग फ्रीझर गरम पाण्याने धुतला, सोड्याने धुतला, आणि तो पुन्हा गार झाल्यावर बाबांनी पळीभर गंगाजल शिंपडलं, ते आत पडता पडता गोठलं. मटार, मेथी आणि खवलेला नारळ एवढ्यांना परत यायची परवानगी मिळाली. अळ्या मरणार म्हणून मुलगी रुसली होती. “दे आर माय प्रोजेक्ट,” ती म्हणाली. हिंसेचा मुद्दा बाबांनाही टोचत होता. त्यांनी बराच विचार करून सांगितलं की थंडी देवाने केलेली आहे, आपण फक्त दार लावतो. आणि काठीने उचलून मुकटा आत ठेवला.

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाबा रोज दुपारी फ्रीझरपाशी जायचे. दार उघडायचे, आत बघायचे, लावायचे. रजई होती, पूजा उबेत चालली होती, गुरुजी ठरले होते. मुकट्यावाचून आता काही अडत नव्हतं. तरी रोज जायचे. आधी मी विजेचं बिल काढून बोलणार होते, कारण त्या दाराशी उभं राहून माणूस किती वेळ नारळ बघणार? मग एकदा त्यांचा चेहरा दिसला आणि मी बिल परत ठेवून दिलं. मला त्यांची फार दया आली, आणि दया आलेली त्यांना चालणार नाही हेही कळत होतं, म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम कुठल्या तरी फुटकळ गोष्टीवरून भांडले. त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी ऊन पडलं होतं. बाबांनी मुकटा फ्रीझरमधून काठीने काढला, डेकवर नेला आणि कठड्यावर टाकून पहिल्यांदाच पूर्ण उलगडला. मेलेल्या अळ्या आणि जाळ्यांचे पुंजके खाली पडले. मागून ऊन येत होतं. काठापासून काठापर्यंत, प्रत्येक घडीच्या रेषेवर भोकं होती. एकही हातभर जागा धड नव्हती.

“लुक्स लाइक अ चाळणी,” मुलगी म्हणाली. वाक्यातला एक तरी शब्द मराठीत आला होता, पण आनंद मानायची ती वेळ नव्हती.

“रफू करून मिळेल, बाबा,” मी म्हटलं. “शेजारच्या आजी करतील. त्यांचा हात फार चांगला आहे.”

“सुई लागली की ते सोवळं राहत नाही.”

“मग असंच नेसा उद्या. आत घरात कोण बघतंय?”

“फाटकंही चालत नाही. संपलं ते.”

मी मनात वाद घालायला शब्द जुळवत होते. फाटकं चालत नाही, शिवलेलं चालत नाही, कोरडं चालत नाही, मग माणसाने करायचं काय, असं काही तरी. तेवढ्यात बाबांनी काठी कठड्याला टेकवून ठेवली, मुकटा दोन्ही हातांनी उचलला, गोळा केला आणि माझ्यापुढे धरला.

“घे.”

मी सवयीने हात मागे घेतले. इतक्या वर्षांत या वस्तूपासून लांब राहायचं एवढंच मला शिकवलं गेलं होतं. “बाबा, माझी अजून आंघोळ व्हायची आहे.”

“घे गं. आता कुणीही हात लावला तरी चालेल.”

मी घेतला. थंडगार होता. कापराचा आणि तुपाचा वास होता, थोडा मेथीचाही. मुलीने एका भोकातून बोट घालून पाहिलं आणि बाबा तिला काही बोलले नाहीत.

“येवल्याला दुकानात तिने यावरून हात फिरवला होता,” बाबा म्हणाले. “म्हणाली, किती मऊ आहे हो. घरी येऊन मी नेसला, आणि मग पुढे काठीच. घेतला तिने, इतकी वर्षं रोज वाळत घातला तिने, आणि हात मात्र तेवढा एकदाच लागला.”

सासूबाई बाल्कनीत चवड्यांवर उभ्या राहून काठीने मुकट्याची चुणी सरळ करायच्या, ते मी कितीदा पाहिलं होतं. ओढून सरळ करायला हात लावला असता तर क्षणाचं काम होतं.

“अजून आहे का गं मऊ?” बाबांनी विचारलं. “मला रोजच्या नेसण्याने कळत नाही.”

मी हात फिरवला. सावकाश फिरवला, या काठापासून त्या काठापर्यंत.

“तुपाचे डाग आहेत तिथे कडक आहे,” मी म्हटलं. “बाकी मऊ आहे, बाबा. खूप मऊ आहे.”

त्यांनी मान हलवली, डेकच्या पायरीवर बसले आणि रडले. सासूबाई गेल्या तेव्हा ते रडले नव्हते. मी मुकटा त्यांच्या खांद्यांवरून लपेटला, कारण ऊन असलं तरी वारा होता, आणि डॉक्टरांनी अंग गरम ठेवायला सांगितलं होतं.